पीक आलं का, अमिता?

वीर स्टेशनबाहेर एकच रिक्षा उरली होती आणि आम्ही दोघं एकदमच तिच्यात शिरलो. मी डावीकडून, तो उजवीकडून.

"ही मी थांबवली होती," मी म्हटलं.

"मी तर हिला गाडीतूनच हात केला होता," तो म्हणाला.

बाहेर भादव्यातली सर कोसळत होती. रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे पाहिलं. "गणपतीचं दिवस हायत. दोघांनाबी महाडलाच जायचाय ना? मग बसा गुमान." आणि त्याने रिक्षा सोडलीसुद्धा.

मी पदर सावरून कोपऱ्यात सरकले. त्याच्या मांडीवर पुठ्ठ्याचा एक भिजका खोका होता. तो त्याला असा कवटाळून बसला होता, जसं काही आत मांजराचं पिल्लूच आहे. टोळ फाट्याच्या अलीकडे एक मोठा खड्डा आला, खोक्याचा तळ फाटला, आणि लाकडी मण्यांची एक लांबच लांब माळ सळसळत माझ्या मांडीवर येऊन पडली. मणी काळे रंगवलेले. दोन मण्यांमध्ये एकेक स्प्रिंग. माळ थांबेचना! एका टोकाला हिसका बसला की तो सगळ्या मण्यांतून पळत पळत दुसऱ्या टोकाला जायचा आणि परत यायचा.

"सॉरी… सॉरी हं…" तो गोळा करायला वाकला, त्याचं कपाळ माझ्या खांद्यावर आपटलं.

"हे काय? खेळणं?"

"माझी पीएच.डी."

मला हसू आलं. तोही हसला. डाव्या गालावर लहानशी खळी पडली… आणि मी उगाच बाहेर पाहू लागले.

त्याचं नाव भरत. उमरठच्या वर डोंगरात त्याची वाडी. मुंबईत एका संशोधन संस्थेत तो कार्बनच्या साखळ्यांवर काम करत होता. एकामागे एक, एकाच ओळीत उभे असलेले कार्बनचे अणू, बस. ती ओळ कशी थरथरते, किती वेगाने थरथरते, याची गणितं तो मांडायचा.

"आई दर गणपतीला विचारते, तू मुंबईत करतोस तरी काय," तो म्हणाला. "म्हणून या वेळी दाखवायलाच घेऊन चाललोय."

"पण मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते," मी म्हटलं. "हिरा शिकवते, ग्रॅफाइट शिकवते. नुसत्या एका ओळीतला कार्बन माझ्या पुस्तकात नाही."

"लाजाळू असतो तो. उघड्यावर ठेवला तर शेजारच्या साखळीला जाऊन बिलगतो आणि दोघींचं वाटोळं होतं. म्हणून कार्बनच्याच एका बारीक नळीत लपवून ठेवावा लागतो."

"एकूण काय, कुणाच्या जवळ जाऊ द्यायचं नाही."

"तुम्ही फार लवकर शिकता हो," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

२००४ सालची ही गोष्ट. आमच्या घरी, म्हणजे महाडच्या एस.टी. स्टँडसमोर, बाबांचं एस.टी.डी. फोनचं दुकान होतं. सुट्टीत दुपारी तिथे मी बसायचे. भरतच्या वाडीत फोन नव्हता, मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे मुंबईला फोन लावायला तो डोंगर उतरून येई. वाटेत पोलादपुरातही बूथ होते. तरी तो पुढे महाडपर्यंत येई, हे माझ्या लक्षात आलं होतं. मनातल्या मनात सुखावलेही होते.

पण काचेच्या केबिनमध्ये शिरला की तो जे ओरडायचा, त्याने ते सुख पार करपून जायचं.

"अमिता? पीक आलं का, अमिता?"

बाहेर नंबर लावून बसलेले शेतकरी एकमेकांकडे बघायचे. त्यांच्यातले मोरूकाका एकदा न राहवून म्हणाले, "कोनाच्या शेतीचा विचारतोय? अजून तर भात पोटरीत हाय."

हे पीक म्हणजे इंग्रजीतलं 'पीक', शिखर. भरतने मला समजावून सांगितलं होतं. साखळीवर लेझरचा उजेड पाडायचा. बहुतेक उजेड जसा गेला तसाच परत येतो. पण थोडासा, अगदी थोडासा, साखळीच्या थरथरीत गुंतून रंग बदलून येतो. तो वेगळा काढून आलेख काढला की एका जागी टोक वर येतं. ते टोक नेमकं कुठे येईल, हे भरतने गणिताने आधीच सांगून ठेवलं होतं. साखळी जितकी लांब, तितका तिचा सूर खाली उतरतो, असं त्याचं गणित म्हणत होतं. त्याच्या सरांना मात्र त्याने काढलेली जागा पटली नव्हती. आता जपानहून नमुना आला होता, आणि तो मोजत होती त्याच्या प्रयोगशाळेतली अमिता.

हे सगळं मला नीट कळलं होतं. पण केबिनमध्ये तो ज्या आवाजात 'अमिता' म्हणायचा, तो आवाज मला कुठल्याच आलेखावर मांडता येत नव्हता.

"खूप हुशार आहे वाटतं… तुमची अमिता?" मी एकदा विचारलं, अगदी सहज, पावती फाडता फाडता.

"कमाल आहे! अंधाऱ्या खोलीत तासन् तास बसते. तिच्यासारखा हात कुणाचा नाही."

"हो का?"

"तुला भेटवतो. गौरीला येतेय घरी. तूही ये ना, श्रुतिका…"

तो पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाला. पहिल्यांदाच नाव घेतलं. आणि तेही तिच्या नावाला जोडून! मी पावती इतक्या जोरात फाडली की तिचे दोन तुकडे झाले.

गौरीच्या दिवशी अमिता सकाळच्या गाडीने महाडला उतरली आणि थेट दुकानात आली. उंच, मानेपर्यंत कापलेले केस, पाठीवर सॅक. मी मनाशी तिचं जे चित्र काढलं होतं, त्यात ती शिष्ट होती. ही तर बाबांना वाकून नमस्कार करून मोकळी झाली.

"तूच श्रुतिका! भरत फोनवर सांगतो तुझ्याबद्दल."

"काय सांगतो?"

"की तू त्याला उलटे प्रश्न विचारतेस." ती हसली.

एवढंच? मी मनात म्हटलं. एवढंच सांगतो?

पोलादपूरपर्यंत लाल डब्यात आम्ही शेजारी बसलो. तिथून उमरठला जीप, आणि पुढे पायवाट. शेताच्या बांधावरून जाताना अमिताचा पाय घसरला आणि ती गुडघ्यापर्यंत चिखलात गेली. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू! पण ती चिखलात बसून इतकी मोकळेपणी हसायला लागली की मलाच हात द्यावा लागला. चिखलातसुद्धा ती छान दिसत होती. माझी नवी कोरी पोपटी साडी मात्र काट्यात अडकून फाटली.

भरत वाटेतच सामोरा आला. "आलात!" म्हणाला. दोघींकडे पाहून म्हणाला, पण सॅक तिची घेतली. माझ्या हातात सॅक नव्हतीच, हे मला नंतर सुचलं.

त्याची आई, तुळसामावशी, दारातच उभी होती. "या गो पोरींनो. पाय धुवा. किती भिजल्यात गो!" तिने मला जवळ घेतलं. मग अमितालाही घेतलं. मी मोजत होते, कुणाला जास्त वेळ!

दुपारी अंगणात वाडीतल्या बायका गौरीच्या नाचाला जमल्या. मण्यांची माळ ओट्यावर पडून होती. मावशीने ती हातात घेऊन पाहिली होती, पण तिला काही उलगडलं नव्हतं. अमिता उठली. "मावशी, थांबा. मी दाखवते." तिने बायकांना एका ओळीत उभं केलं. "तुम्ही दोघी कमरेला घट्ट मिठी घाला. आता शेजारणीचं नुसतं बोट धरा. पुढच्या दोघी पुन्हा मिठी. पुन्हा नुसतं बोट." खिदळत खिदळत ओळ तयार झाली. अमिताने टोकाच्या चंपाबाईला हलकेच ओढलं आणि तो हेलकावा मिठ्या-बोटांतून लहरत शेवटपर्यंत गेला. शेवटची बाई कोलमडली, सगळ्या हसून लोटपोट.

"कार्बन असाच उभा राहतो, मावशी. एक बंध घट्ट, एक सैल. भरत याचीच गणितं करतो."

"असा हाय होय!" मावशी म्हणाली. "मग सरळ सांगावा की रे भरत, तू फेर धरतोस म्हनून!"

भरत अमिताकडे पाहत होता. कौतुकाने. अगदी भरभरून कौतुकाने.  केमिस्ट्री मीही शिकवत होते. हे मला का सुचलं नाही?

"आता फुगडी घाला गो पावन्या!" चंपाबाईने आम्हा दोघींनाच रिंगणात ढकललं.

मी अमिताचे हात धरले. पाय जुळवले. पहिल्या काही गिरक्या नाजूक होत्या. मग मी वेग वाढवला. तिनेही वाढवला. माझी बोटं तिच्या बोटांत रुतत गेली. घरं, झाडं, बायका, भरत… सगळं पुसून गेलं, समोर फक्त तिचा चेहरा राहिला. ती हसत होती. मी हसत नव्हते. 'सोड,' मी मनात म्हणत होते, 'सोड त्याला!' बायका ओरडत होत्या, मावशी म्हणत होती, "अगो पुरे, पडाल गो!" पण मी थांबले नाही. शेवटी अमितानेच पाय रोवले. तिचं हसू मावळलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, धापा टाकत, जरा जास्तच वेळ.

संध्याकाळी भरत आम्हाला उमरठपर्यंत पोहोचवायला आला. ती दोघं पुढे, मी मागे. वाऱ्याबरोबर तुटक तुटक शब्द येत होते. जीप सुटायच्या आधी मात्र एवढं मी स्वच्छ ऐकलं. भरत तिला म्हणाला, "घाई करू नकोस. विचार करून उत्तर दे. पण तू हो म्हणालीस ना, अमिता… तर माझं आयुष्य सोपं होईल."

महाडपर्यंत अमिता खूप बोलली. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

ती रात्रीच्या गाडीने मुंबईला परतली. दोन दिवसांनी दुपारी बाबा जेवायला गेले होते आणि फोन वाजला.

"श्रुतिका? अमिता बोलतेय! पीक आलं! त्याने सांगितलं होतं अगदी तिथेच! भरतला निरोप पोहोचव, प्लीज. यंत्र आमच्याकडे उद्यापर्यंतच आहे, सरांसमोर पुन्हा मोजायचंय. आज निघायलाच हवं त्याला. आणि हो…" ती थोडी थांबली. "त्याला सांग, माझं उत्तर हो आहे. एवढंच सांग. त्याला कळेल."

फोन ठेवला तरी हात रिसीव्हरवरच राहिला.

हो आहे.

बाहेर पाऊस धरला होता. अशा पावसात लाइन जातेच. फोन आलाच नाही असं झालं असतं तर? हा विचार माझ्या मनाला शिवून गेला, शेवटी मीही माणूसच आहे. निरोप पोलादपूरच्या एखाद्या कंडक्टरकडे देता आला असता, तो उद्या-परवा पोहोचला असता. पण मग भरतचं पीक…? आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, हे 'हो' ऐकताना त्याचा चेहरा कसा होतो, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. जळायचंच आहे तर पुरतं जळावं.

शेजारच्या ललिताला दुकानात बसवून मी छत्री घेतली आणि पोलादपूरची गाडी पकडली.

वाडीत पोहोचले तेव्हा छत्री उलटी झालेली, केस गालाला चिकटलेले. मावशी ओट्यावर चुलीसाठी लाकडं निवडत होती.

"अगो बाय! एवढ्या पावसात? भरत नाय हाय घरात. ढोरां आनायला गेलाय."

तेवढ्यात तो आलाच. डोक्यावर इरलं, हातात गाईचं दावं. मला बघून तो जागीच थांबला आणि त्याचा चेहरा असा उजळला की क्षणभर मी निरोपच विसरले. पण क्षणभरच.

"अमिताचा फोन आला होता," मी म्हटलं. दोन निरोप होते. मी दुसरा आधी दिला. "तिचं उत्तर हो आहे."

त्याने डोळे मिटले. मोठा श्वास सोडला. ओट्याच्या कडेला मटकन बसला आणि हसायला लागला, एखाद्याच्या छातीवरचा धोंडा उचलावा तसा. "हो म्हणाली? नक्की?"

"नक्की." माझा आवाज मलाच परका वाटला. "आणि पीक आलं. तुम्ही सांगितलं होतं तिथेच."

दावं त्याच्या हातून सुटलं. गाय आपली आपण गोठ्यात गेली. "आई!" त्याने मावशीला उचलून गरकन फिरवलं. "आई, पीक आलं!"

"अरे मेल्या, सोड! कसला पीक? आपला तर अजून हिरवा हाय!"

मीही हसले. हसावंच लागलं. 

त्याने पिशवी भरली, आणि आम्ही दोघं डोंगर उतरलो. तो बोलत होता, शिखराबद्दल, सरांबद्दल. निसरड्या जागी हात पुढे करत होता. मी तो हात धरत नव्हते.

"गौरीपासून मला 'तू' म्हणत होतीस, मगाशी एकदम 'तुम्ही' का?" उमरठला जीपमध्ये त्याने विचारलं.

"पाऊस आहे," मी म्हटलं. याचा अर्थ मलाही ठाऊक नव्हता.

पोलादपूर स्टँडवर मुंबईची गाडी लागलेली. गणपती आटोपून परतणारे चाकरमानी, भोपळे, नारळ, पोरंबाळं. भरत कसाबसा पायरीवर चढला, एक हात दांडीला.

"येतो मग," तो म्हणाला.

"अभिनंदन."

"पीकचं?"

"दोन्हीचं. कधी करताय?"

"काय?"

"लग्न!" माझा आवाज चढला. नारळाची पिशवी घेतलेली एक म्हातारी वळून बघायला लागली. "तू विचारलंस, ती हो म्हणाली. मी स्वतः निरोप घेऊन आले. एवढा डोंगर चढून! आता निदान तारीख तरी कळू दे!"

भरत पायरीवरून खाली वाकला. "कुणाचं लग्न? अमिताशी? माझं?" आणि मग त्याच्या लक्षात आलं. "अगं… अमिता जपानला चाललीये! दोन वर्षांसाठी. ज्यांनी साखळी तयार केली, त्यांच्या प्रयोगशाळेत. ती जागा मला आली होती. सरांनी शब्द दिलेला, आमच्यातलं कुणी तरी एक जाणारच. मी तिला विचारलं, माझ्याऐवजी तू जाशील का."

"का?"

"मोजायचं काम तिचं आहे. गणितं मला मुंबईतही करता येतात. हे एक."

"आणि दुसरं?"

कंडक्टरने बेलची दोरी धरली होती. "दुसरा काय हाय ते पटकन सांगा भाऊ, गाडी लेट झालीये."

भरतने त्याच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि तो उतरला. पिशवीसकट, पावसात, त्या चिखलात, अगदी माझ्यासमोर.

"दुसरं तू," तो म्हणाला.

बेल वाजली. गाडी चिखल उडवत गेली, माझ्या साडीवर, त्याच्या पँटवर. आम्ही दोघंही हललो नाही.

"मग एवढे दिवस गप्प का होतास?"

"अमिता नाही म्हणाली असती तर मला जावं लागलं असतं. दोन वर्षं समुद्रापार जाणाऱ्याने कुणाला काय विचारायचं? तिचं उत्तर येईपर्यंत तोंडाला कुलूप होतं."

"आणि मी इकडे…" मला रडू येत होतं आणि रागही. "जपानची जागा सोडलीस, मला न विचारता? मी नाही म्हटलं तर?"

"अमिता म्हणाली, तू नाही म्हणणार नाहीस."

"तिला काय ठाऊक?"

"फुगडीनंतर तिने मला बोटं दाखवली. सुजली होती. म्हणाली, ही मुलगी एक तर तुझ्यावर प्रेम करते, नाही तर माझा जीव घेणार आहे. काय ते लवकर शोधून काढ."

मी ओंजळीत तोंड लपवलं. बोटांच्या फटीतून त्याची खळी दिसत होती. भिजलेला, चिखलाने माखलेला… माझा.

"आवडतोस तू मला," मी ओंजळीतूनच म्हटलं. "फार आवडतोस. आणि तुझी ती अमिताही आवडते, त्याचाच जास्त राग येतो."

तो मोठ्याने हसला. मग हळूच माझे हात चेहऱ्यावरून बाजूला केले आणि धरूनच ठेवले, पोलादपूरच्या भरल्या स्टँडवर, म्हातारीच्या देखत.

"जपानहून ती फोन करेल?" मी विचारलं.

"करेल की. कामाचं बोलायला."

"कुठे करेल?"

"प्रयोगशाळेत."

"घरी नाही ना?"

"कुणाच्या घरी?"

"आपल्या," मी म्हटलं, आणि शब्द तोंडातून निघून गेल्यावर कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

 भरतने माझी मोडकी छत्री उघडली. तिची एक बाजू लोंबत होती, चांगली बाजू त्याने माझ्यावर धरली. आणि आम्ही समोरच्या टपरीकडे चहाला निघालो. मुंबईला रात्रभर गाड्या होत्या. पुढची कधी आहे, हे आम्ही दोघांनीही कुणाला विचारलं नाही.